आमची वाटचाल : दुसरी किल्ली, पण इमो जागेवर ठेवून

सांगलीत गाडीच्या किल्ल्या करणारे पुष्कळ आहेत. चिपची किल्ली करून देतो म्हणणारेही आता गल्लीगल्लीत झाले. पण गाडीचा इमोबिलायझर (इमो), म्हणजे किल्लीतली ओळखीची चिप नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, निकामी न करता, शोरूमच्या निम्म्याहून कमी पैशांत दुसरी किल्ली करून द्यायला सांगलीत सुरुवात आम्ही केली. ज्याला शंका असेल त्यानं माधवनगर रोडवरच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारावं.

धंदा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. एसटी स्टँडसमोर लाकडी पेटी, पेटीवर वाईस आणि हाताशी कानशी. चपटी, त्रिकोणी, अर्धगोल, आणि एक उंदराच्या शेपटीएवढी बारीक गोल कानस, जिला आबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. किल्ली हरवलेला ॲम्बेसिडरवाला आला, की कोरी किल्ली काजळीवर धरायची, कुलपात घालून दाबून फिरवायची, बाहेर काढून खुणा बघायच्या आणि तेवढंच घासायचं. पुन्हा घालायची, पुन्हा बघायची. नमुना हातात नसताना आबा तयार किल्ली काढायचे. हे काम येणारी माणसं जिल्ह्यात आता किती उरली असतील मला सांगता येणार नाही, पण आमच्या घरात ते अजून येतं आणि मुलालाही शिकवलं आहे.

नंतर चिप आली. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडेही मारुतीची आयकॅट्स, ह्युंदाईची स्मार्ट्रा अशा इमो यंत्रणांच्या गाड्या दारात यायला लागल्या. किल्ली हुबेहूब कापलेली, दार उघडतंय, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन घेत नाही आणि मीटरमध्ये दिवा लुकलुकतोय. गिऱ्हाईक म्हणायचं, किल्ली चुकली. आबा म्हणायचे, किल्ली बरोबर आहे. दोघांचं खरं होतं. पात्याचं काम पुरं झालेलं असायचं, पण इग्निशनभोवतीची रिंग किल्लीच्या डोक्यातल्या चिपला नंबर विचारत होती आणि आमच्या किल्लीकडे उत्तर नव्हतं. त्या काळात स्टँडसमोरच्या पेटीवाल्यांपैकी बहुतेकांनी मोटारी सोडल्या, कपाटं आणि मोटरसायकली धरल्या. आम्ही सोडल्या नाहीत.

मी मुंबईला गेलो. नागदेवीतून किल्ली कापायचा कटर घेतला, लॅमिंग्टन रोडवरून सोल्डरिंग स्टेशन आणि ईप्रॉम, म्हणजे मेमरीची आयसी, वाचायचा प्रोग्रामर. इमोचा डबा उघडून त्यातली ९३सी४६ किंवा २४सी०२ ही आयसी उचलायची, डंप, म्हणजे आतली माहिती, घ्यायचा, नवी चिप त्यात लिहायची, आयसी परत बसवायची. आयसीचे पाय उचलताना बोर्डवरचा ट्रॅक उखडला तर गाडी तिथंच उभी, म्हणून आजही मी दुसऱ्याच्या हातात ते हॉट एअर देत नाही. पुढे हँडी बेबी, म्हणजे चिपची नक्कल (क्लोन) करणारं मशीन, आली आणि काम बरंच सोपं झालं. लोकांना वाटतं ही सगळी चिनी जादू आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची ४० बिटांची चिप, म्हणजे आपली ४डी, २००५ मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लोकांनी फोडून दाखवली होती, आणि फिलिप्सच्या हिटॅग-२ चिपवर, म्हणजे आपल्या आयडी ४६ वर, २०१२ मध्ये शोधनिबंध निघाला. आमच्या हातातली क्लोनिंगची मशिनं त्यानंतरची. हे मी शिकणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगतो. आपण काय करतोय हे माहीत नसेल तर ४६ ची किल्ली करताना गाडीत बसून रिंगजवळ मशीन का धरायचं, हे कळत नाही. नुसती मूळ किल्ली वाचून ४६ होत नाही, गाडीचा प्रश्नही पकडावा लागतो. ४डी ४० बिटांची असेल तर गाडी आणायचीही गरज नाही, किल्ली पुरते.

आता ज्याच्याबद्दल लिहायचंच आहे ते लिहितो. नाव घेत नाही.

आमच्याच बाकावर बसून सोल्डरिंग शिकलेला एकजण होता. हात चांगला होता, हे मी आजही मान्य करतो. त्यानं विश्रामबागेत दुकान काढलं आणि बोर्ड लावला, ‘चिपची किल्ली, कुठलीही गाडी, ५०० रुपये’. आमच्याकडे तेव्हा ब्लँक (कोरी किल्ली) आणि चिपचीच खरेदी त्याहून जास्त होती. सहा महिने मला कळेना की हा पाचशेत करतो कसा. मग एक गाडी आमच्याकडे आली आणि कळलं. गिऱ्हाईकाच्या चालू किल्लीतली चिप काढायची, स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून ती रिंगला टेपनं चिकटवायची, आणि हातात दोन साध्या पत्र्याच्या किल्ल्या द्यायच्या. दोन्ही चालतात. चालणारच, चिप कायमची रिंगजवळ बसलेली आहे! म्हणजे कंपनीनं ज्या गोष्टीसाठी गाडीत इमो दिला ती गोष्ट संपली. कुणीही कुलूप फिरवलं की गाडी चालू. गिऱ्हाईकाला हे सांगितलेलं नसतं. काही ठिकाणी तर ईसीएममधून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधून, इमो ऑफच करतात आणि त्याला ‘प्रॉब्लेम कायमचा मिटवला’ म्हणतात.

पाचशेच्या बोर्डनं आमचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. जुनी ओळखीची माणसं दारावरून जाताना मान वळवायची. ‘तुमचं महाग असतंय’ हे वाक्य तेव्हापासून आमच्या मागं लागलं आहे, आणि आज तो बोर्ड नसला तरी वाक्य आहे.

त्या दिवसांत जे टिकले त्यात मिरजेचे आण्णा पहिले. ट्रॅव्हल्सचा धंदा, आधी सुमो, मग इनोव्हा, मग डिझायरही. मिरजेला कर्नाटकातून आणि जत, कवठेमहांकाळकडून पेशंट येतात, त्यांची ने-आण आण्णांच्या गाड्यांवर. प्रत्येक गाडीला तीन किल्ल्या हा त्यांचा नियम. एक ड्रायव्हरकडे, एक ऑफिसात, एक घरी. त्यांच्या एका ड्रायव्हरनं आण्णांना न विचारता विश्रामबागेतून पाचशेची किल्ली करून घेतली. ऐन मेमध्ये जतच्या पुढे, पेशंटला घरी सोडून परतताना, उन्हानं टेपचा गोंद सुटला, चिप कव्हरमध्ये कुठंतरी पडली आणि गाडी घेईना. रात्री आण्णांचा फोन. म्हणाले, “माझ्या गाडीच्या पोटात काय घातलंय रं ह्यानं, जरा बघून सांग.” मी गेलो, कव्हर खोललं, चिप शोधून पुन्हा किल्लीच्या डोक्याच्या शेलमध्ये बसवली, गाडी आणली. त्यानंतर आण्णांनी मिरज स्टेशनजवळच्या सगळ्या टॅक्सीवाल्यांना ती टेप स्वतः दाखवली. ती जाहिरात मला पैसे देऊन मिळाली नसती.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सगळ्या पेठेनं २००५ च्या महापुराची खूण धरून माल माळ्यावर चढवला होता. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. लॅपटॉप आणि हँडी बेबी मी घरी नेली होती. कटर काउंटरला बोल्टनं आवळलेला, तो तिथंच राहिला. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तेव्हा कटरच्या मोटारीत गाळ, सोल्डरिंग स्टेशनात गाळ, हजारो ब्लँक एकमेकांना गंजून चिकटलेले. विम्याचं काय झालं ते विचारू नका. दुकानाचा विमा होता, मशीनचा नव्हता असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि नेमकं तेव्हाच काम आलं. पुरात बुडालेल्या गाड्यांचे मालक गाळातून काढलेल्या किल्ल्या घेऊन दारात. रिमोटचा सर्किट बोर्ड हिरवा पडलेला, बटण मेलेलं, पण चिपला ना बॅटरी लागते ना तिच्यात पाणी शिरतं. रिंगच्या लहरींवरच ती जागी होते. शेल कापून चिप काढायची, अल्कोहोलनं पुसायची, वाचायची. बहुतेक जिवंत निघाल्या! ज्या गाड्यांचा ईसीएम गेला आणि गॅरेजवाल्यानं भंगारातला दुसरा टाकला, तिथं इमो जुळेना, तेही काम आमच्याकडेच. मात्र पातं कापायला कटर नाही. आबांचा जुना वाईस रॉकेलनं धुतला, कानशी तारेच्या ब्रशनं साफ केल्या, आणि साध्या कापाच्या किल्ल्या आबांनी हातानं काढल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं. लेझर कटच्या, म्हणजे पात्यात नागमोडी खाच असलेल्या, किल्ल्या मात्र हातानं होत नाहीत. ती सगळी गिऱ्हाइकं विश्रामबागेत गेली. तिकडं पाणी चढलं नव्हतं. त्यानं त्या दोन महिन्यांत किती मिळवलं हे तो स्वतः लोकांना सांगत होता, ते माझ्या कानावर येत होतं.

दुकान बंद करायचं घरात ठरत आलं होतं. आण्णा आले, चिखलातच स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “माझ्या गाड्यांच्या पुढच्या किल्ल्यांचे पैसे आत्ताच घे. मशीन आण. हिशेब मागनं बघू.” कागद नाही, सही नाही. त्या पैशांत मी बॅटरीवर चालणारं कटिंग मशीन घेतलं, दोन हातांत उचलून नेता येईल असं. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा ते आणि रजिस्टरं पहिल्या दिवशीच घरी होती. आण्णांचा हिशेब फिटला आहे. तरी ते अजून दर किल्लीला विचारतात, “माझं जमा किती राहिलं रं?”

रजिस्टरचं सांगतो. आरसी बघितल्याशिवाय आणि माणसाचं ओळखपत्र नोंदवल्याशिवाय आमच्याकडे चिपची किल्ली होत नाही, मग तो कुणाचाही भाचा असो.

आता थोडं वाचणाऱ्यांसाठी. दुसरी किल्ली पहिली हातात असताना करून घ्या. चालू किल्ली असेल तर क्लोन होते आणि गाडीच्या कॉम्प्युटरला हात लागत नाही. साधी ४६ आमच्याकडे दीड ते अडीच हजारांत होते. सगळ्या किल्ल्या हरवून आलात तर इमोचा पिन कोड काढा, नाही तर ईप्रॉम वाचा, शिवाय गाडी टोइंगनं आणा, म्हणजे तोच खर्च तिप्पट-चौपट. ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून, नवी किल्ली भरायची असेल तर घरातल्या सगळ्या किल्ल्या घेऊन या. बऱ्याच गाड्यांत नव्यानं शिकवताना समोर नसलेल्या जुन्या किल्ल्या पुसल्या जातात, आणि ह्युंदाईच्या अनेक मॉडेलांत चारच्या वर बसत नाहीत. नव्या गाडीबरोबर किल्लीच्या नंबराचा छोटा पत्र्याचा टॅग मिळतो, तो किल्लीला अडकवून फिरू नका, घरी कपाटात ठेवा. नंबरवरून पातं कापता येतं. सेकंडहँड गाडी घेताना दोन किल्ल्या मागा. एकच मिळाली तर तेवढे पैसे भावातून कापा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागते. किल्ली हरवली तर पोलिसांत तक्रार नोंदवून कागद जपा, आणि विमा कंपनीलाही कळवा. कुणी ‘चिप आतच लावून देतो, त्रास नको’ म्हणाला तर किल्ली घेऊन उठा.

आता मुलगा दुकानात आहे. पुश बटणाच्या गाड्यांच्या स्मार्ट की तोच करतो. त्या क्लोन होत नाहीत, भराव्याच लागतात, आणि एकदा एका गाडीला भरलेली बऱ्याचदा दुसऱ्या गाडीला चालत नाही. त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात घेतलेली वापरलेली स्मार्ट की आणून ‘एवढी भरून द्या’ म्हणू नका. फोक्सवॅगन-स्कोडाच्या नव्या गाड्यांना मालकाच्या गाडीसाठी आधीच कोड केलेली किल्ली लागते, त्यांना आम्ही सरळ कंपनीकडे पाठवतो.

चिप चिकटवलेल्या गाड्या अजूनही येतात, महिन्याला एखाद-दुसरी. कव्हर खोलून चिप बाहेर काढून, शेलमध्ये बसवून, दुसरी नीट किल्ली करून देण्याचे आम्ही वेगळे पैसे लावतो. त्यावर घासाघीस करत नाही आणि करणारही नाही.