शेती विभागातून रहिवास विभागात: हरकतीचा एक महिना

कृष्णाकाठचं आमचं गाव. नगरपरिषद आहे, पण नळाला पाणी दिवसाआड. गावाच्या कडेला, ओढ्याला लागून असलेल्या शेतजमिनीवर घरांची मोठी स्कीम होणार अशी कुजबुज बरेच दिवस होती. खरं काय ते वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतून कळलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ अन्वये ते गट शेती विभागातून रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव. म्हणजे विकास आराखड्यात ती जमीन शेतीऐवजी घरांसाठी दाखवायची. हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी द्याव्यात. प्रस्ताव अजून शासनाकडे आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

आधी हे सांगते की हा महिना का महत्त्वाचा. पुष्कळांना वाटतं, पुढे पर्यावरणाची परवानगी लागेल तेव्हा बोलू. केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामालाच ती मंजुरी लागते, आणि लागली तरी इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे गावकऱ्यांचं म्हणणं कायद्याने ऐकून घ्यावं लागतं ते इथेच, जमिनीचा विभाग बदलताना. एकदा नकाशावर रहिवासाचा पिवळा रंग चढला की पुढची परवानगी म्हणजे बिल्डर आणि ऑफिस यांच्यातलं काम.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. पहिला तास नुसता आरडाओरडा. रस्ता अरुंद, शाळेत जागा नाही, बाहेरची माणसं येतील. शेवटच्या मुद्द्याला मी तिथेच विरोध केला. आमच्या गल्लीत लग्न झालेली पोरं दोन खोल्यांत भाड्याने राहतात, त्यांनाही घर हवंच आहे. माझी हरकत घरांना नव्हती; पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि ओढ्याचं काय करणार, एवढंच विचारायचं होतं. २०१९च्या महापुरात नदीचं पाणी याच ओढ्यातून उलटं आत आलं होतं आणि खालच्या आळीत कमरेइतकं चढलं होतं.

कुणीतरी म्हणालं, माहितीचा अधिकार टाका. पण त्या अर्जाला उत्तर द्यायची मुदतच ३० दिवसांची, आणि आमच्या हातात महिनाच. जाहीर सूचनेत मात्र लिहिलेलं असतं की प्रस्तावाचा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला ठेवला आहे. मी सरळ नगररचना विभागात गेले. टेबलावरच्या माणसाने "साहेब नाहीत" म्हणून बघितलं. सूचनेचं कात्रण पुढे ठेवल्यावर नकाशा निघाला. त्यावर ओढा नव्हता. गटांच्या हद्दी होत्या, प्रस्तावित रस्ता होता, पण ओढ्याच्या जागी कोरा कागद.

गल्लीतले निवृत्त तलाठी काका म्हणाले, "ताई, गावनकाशाची प्रत काढ. त्यात ओढा असणारच." भूमी अभिलेख कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळवली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून नखाने दाखवलं: दोन नागमोडी समांतर रेघा, त्या गटांच्या मधूनच गेलेल्या. संध्याकाळी आम्ही जागेवर गेलो. त्या वळणावर मुरुमाचे ढीग पडलेले आणि निम्मं पात्र बुजलेलं. बांधावरची करंजाची झाडं तेवढी ओढ्याची रांग धरून उभी होती. फोटो काढले आणि प्रत्येकावर तारीख घातली.

एकाच पत्रकाखाली शंभर सह्या, असं करायचं नाही हे आम्ही ठरवलं. तसं पत्रक म्हणजे ऑफिसच्या लेखी एकच हरकत. ज्याचं घर ओढ्याकाठी, त्याने ओढ्यावर लिहिलं. ज्यांच्या विहिरी खालच्या अंगाला, त्यांनी सांडपाण्यावर. मी पाणी घेतलं. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी दररोज १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर, हा केंद्राच्या १९९९च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतला हिशेब. ७०नेच धरलं तरी हजार माणसं वाढली की रोज ७०,००० लिटर जादा. आत्ताच दिवसाआड पाणी देणाऱ्या योजनेतून ते कसं देणार, एवढा एकच प्रश्न विचारला. प्रत्येक अर्जावर गट नंबर, सूचनेची तारीख, मुद्दा आणि सोबतचे कागद. आवक-जावकच्या बाईंनी एकदम घेऊन "ठेवा तिथे" म्हटलं, तेव्हा सगळे थांबून राहिलो आणि एकेका प्रतीवर शिक्का, क्रमांक घेऊनच हललो. पोच नसेल तर सुनावणीत तुम्ही कोणी नसता.

सुनावणीला ज्यांनी लेखी दिलं होतं त्यांनाच बोलावलं. बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोलणारे बाहेर पायरीवर बसून राहिले, त्याचं मला वाईट वाटलं. आत स्कीमचे आर्किटेक्ट म्हणाले, तिथे ओढा नाही, शेताचा चर आहे. काकांनी काही न बोलता गावनकाशा आणि फोटो पुढे सरकवले. मुख्याधिकारी बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी ओढ्याची संयुक्त मोजणी नोंदवायला सांगितली. पाण्याच्या प्रश्नावर "योजना प्रस्तावित आहे" एवढंच उत्तर आलं. ते वाक्य जसंच्या तसं कार्यवृत्तात घ्या, असा मी आग्रह धरला आणि ते घेतलं गेलं.

आता अंतिम निर्णय शासनाचा. आम्ही हरकतींच्या शिक्का मारलेल्या प्रती नगररचनेच्या जिल्हा कार्यालयालाही दिल्या आहेत, आणि सुनावणीच्या अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आता टाकला आहे. मोजणीची तारीख लागली की ओढ्याकाठचे सगळे हजर राहणार आहेत.