तुम्ही विचारलंत म्हणून: बाई सरपंच झाली की फरक पडतो का?

पंचायतीच्या सदस्यांचं प्रशिक्षण घेते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, व्याख्यानानंतरच्या चहाला, कुठेही. "बाई सरपंच झाली की खरंच काही फरक पडतो का हो मॅडम? की सगळं मिस्टरच बघतात?" विचारणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा माहीत असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हो, बघतात. पुष्कळ गावांत बघतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश आणि राज्याच्या कायद्याने २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, पण 'सरपंचपती' हे कुठल्याच कायद्यात नसलेलं पद त्याआधीपासून तयारच होतं जणू. प्रशिक्षणाला बाईंना सोडायला आलेले साहेब मागच्या रांगेत ठाण मांडतात. बाईंना काही विचारलं की उत्तर मागून येतं. गाडीवरची पाटी कुणाच्या नावाची, हार कुणाच्या गळ्यात, यावरून मी काही ठरवत नाही. मी एकच विचारते, डोंगल कुणाकडे असतो? वित्त आयोगाच्या निधीतून कुणाला पैसे द्यायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) ती सही त्या बोटभर डोंगलमध्ये असते. तो बाईंच्या पर्समध्ये असेल तर बाई सरपंच. मिस्टरांच्या खिशात नाहीतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर बाई फोटोपुरत्या.

आता ज्यांच्या पर्समध्ये तो असतो त्यांच्याबद्दल.

एका गावातल्या सरपंचबाई. शिक्षण सातवी, पण बचत गटाचं दप्तर वर्षानुवर्षं लिहिलेलं. गटाच्या बैठकीत पैसे सतरंजीवर मांडून सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायचे, कर्ज कुणाला, हप्ता कुणाचा थकला हे तिथल्या तिथे वाचून दाखवायचं, ही त्यांची सवय. पंचायतीच्या मासिक सभेतही त्यांनी सांगितलं, जमाखर्च वाचा. आजवर तो कुणी वाचत नव्हतं. प्रोसिडिंगची वही फिरायची, सह्या व्हायच्या, चहा यायचा. ग्रामसेवकांनी वाचायला घेतलं आणि टीसीएलच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीच्या, बिलापाशी बाईंनी थांबवलं. महिन्याला पन्नास किलो पावडर.

"आमच्या हंड्याला तर कधी वास येत नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हिशोब घातला. टाकी ५० हजार लिटरची, दिवसातून एकदा भरते. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रशिक्षणात ऐकलेलं. म्हणजे दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात. उरलेली कुठाय? सभेतल्या पुरुषांना पाण्याला टीसीएलचा वास येतो का, हे खरंच ठाऊक नव्हतं. त्यांना पाणी ग्लासात मिळत होतं, माठातून, दोनदा गाळून. पुढच्या महिन्यापासून बिल उतरलं आणि पाण्याला वास यायला लागला. त्या वासाची तक्रारही आली, ती बहुतेक पुरुषांचीच. असो.

हे एकाच गावातलं झालं म्हणाल. एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी पश्चिम बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर या जिल्ह्यांत हेच मोजलं होतं. अभ्यास २००४ साली छापून आला, डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कुठली पंचायत राखीव हे तिथे पंचायतीच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव पंचायतींची तुलना सरळ करता आली. दोन्हीकडे महिला प्रधान (म्हणजे आपल्याकडच्या सरपंच) असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं होतं. इथवर कुणालाच नवल वाटत नाही. मला खरी गंमत वाटते ती रस्त्यांची. बंगालमध्ये महिला प्रधानांनी रस्तेही जास्त केले, राजस्थानात मात्र कमी. बंगालच्या त्या गावांत बायका रस्त्याच्या कामावर मजुरीला जात होत्या, रस्त्याच्या तक्रारीही त्या करत होत्या. राजस्थानात रस्ता मागणारे पुरुष होते.

म्हणून बायकांच्या 'उपजत' गुणांवर भाषण सुरू झालं की मला उठून जावंसं वाटतं. बाई मुळात मायाळू, बाई सोशिक, बाई पैसे खात नाही. टक्केवारी घेणाऱ्या सरपंचबाई मी पाहिल्यात, चांगल्या हिशोबी होत्या. जी बाई ज्या कामात रोज राबते, त्या कामाची खडान्‌खडा माहिती घेऊन ती खुर्चीवर येते, आणि ती माहिती आजवर खुर्चीपर्यंत पोचलेलीच नसते. नळ पहाटे तीनला सुटतो, अंगणवाडीच्या वजनकाट्याचा काटा अडकतो, रेशनच्या यादीतून कुठल्या म्हातारीचं नाव उडालंय. शिवाय पारावरच्या जुन्या देण्याघेण्यात ती नव्हती, त्यामुळे कुणाची भीड राखायची हे तिला ठाऊक नसतं, आणि ती सभेत सरळ विचारते. दहा वर्षं खुर्चीवर बसल्यावर तीही भीड राखायला शिकेल, यात मला शंका नाही.

शहरातही हेच. माझी भाची हिंजवडीत टीम सांभाळते. वर्षअखेरच्या मूल्यमापनात तिच्या 'समजूतदारपणा'चं कौतुक झालं आणि पाठोपाठ ऑफिसच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारीही तिच्याच गळ्यात पडली. प्रोजेक्टचं अडकलेलं वेळापत्रक तिने सोडवलं होतं, त्याबद्दल एक ओळ नाही.

बायकांना आकडे जमत नाहीत, हा आणखी एक समज. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांची बँक निघाली, १९९७ साली. रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका अक्षर गिरवायला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरवर करू देत, असं सांगून आल्या. परवाना मिळाला. भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

फरक पडतो, पण त्याची किंमत कोण मोजतं तेही विचारत चला. सभा सकाळी अकराची असते, म्हणजे बाईंचा स्वयंपाक, धारा, मुलांचे डबे नऊच्या आत उरकलेले हवेत. तालुक्याला बैठक असेल तर परतीची एसटी मिळेपर्यंत घरून चार फोन. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर होते. जिथे ती दुपारी दोनला, धुणीभांडी आटोपल्यावर घेतात, तिथे बायका येतात. वेळ बदलायला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

आणि पाच वर्षांनी आरक्षण फिरतं. त्या टीसीएलवाल्या बाईंच्या गावात पुढच्या वेळी पद सर्वसाधारण झालं, तशी गावातली मोठी मंडळी घरी येऊन सांगून गेली, "आता पुरुषांची पाळी आहे, वहिनी." सर्वसाधारण जागेवर कुणीही उभं राहू शकतं, हे बाईंनी तिथेच ऐकवलं, त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या आठवड्यात फॉर्म भरला. पडल्या. सध्या पाणीपुरवठा समितीवर आहेत आणि नवे सरपंच त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलतात.