श्रीखंडाचे चार डबे

आमच्या घरात श्रीखंडाचा डबा उघडला की श्रीखंड सोडून काहीही निघतं. मेथीदाणे, सुईदोरा, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या. त्यातले चार डबे माझे. पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीला ओल येते म्हणून हिनं ते स्वयंपाकघरातल्या फडताळात हलवले होते. परवा दुपारी आलेल्या पाहुण्यांपैकी एकीनं साखर समजून त्यातला एक उघडला आणि तिथूनच मोठ्यानं वाचलं, ‘काका परत येतात. फार महत्त्वाचं!!’

कुठले काका, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तरी कुठे माहीत होतं?

पाहुणे गेल्यावर चारही डबे सतरंजीवर उपडे केले. निमित्तही होतंच. आषाढ लागला की एका संपादकांचा निरोप येतो, ‘यंदा कथा हवी, महिनाअखेर.’ 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी भर पावसात उरकते. बाहेर छत्र्या उलटत असतात आणि आपण नायिकेला पणत्या लावायला लावतो.

तर चिठ्ठ्या. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकांची पाकिटं, विजेची बिलं, सगळी पाठकोरी. कोऱ्या वहीवर मला लिहिता येत नाही. हौसेनं कुणी चांगली वही दिली तर तिच्यात हिचा दुधाचा हिशोब सुरू होतो. कागदाच्या एका अंगाला आधीच काहीतरी छापलेलं असलं की बरं वाटतं. माझं फुकट गेलं तरी कागद फुकट गेला नाही. मुलीनं फोनमध्ये लिहायची सोय करून दिली होती. तिथे ‘कोथिंबीर, गॅसचा नंबर, नायक मरतो’ अशी यादी तयार झाली, तेव्हा तो नाद सोडला.

‘बाई. एसटी. पिशवीत आरसा. कुणाचा?’ हे ठीक आहे, यातून काहीतरी निघेल. ‘वकील आणि चिंच.’ हे मी शुद्धीत लिहिलं असेल असं वाटत नाही. एका चिठ्ठीवर फक्त ‘शेवट सापडला!!’ एवढंच. खाली दोन रेघा, वर तारीख. शेवट मात्र नाही.

तळाशी बँकेच्या 1999 सालच्या डायरीचं पहिलं पान निघालं. ‘संकल्प : 2005 पर्यंत कादंबरी. त्याआधी दोन कथासंग्रह.’ अक्षर इतकं ठाम की बघून त्या माणसाची भीती वाटली. संग्रह एक झाला. त्याच्या 60 प्रती माळ्यावर आहेत. कादंबरीची पहिली 40 पानं कुठेतरी आहेत, आणि त्यातला नायक अजून स्टेशनवरच उभा आहे. त्याला आता आणायला जाण्यात अर्थ नाही. तो संकल्प मी खोडला. वाटलं होतं तेवढं काही झालं नाही, फक्त पेन शाईला अडत होतं.

मग चिठ्ठ्या लावायला घेतल्या. होणाऱ्या, कदाचित होणाऱ्या आणि न होणाऱ्या. मधला ढीग एवढा वाढला की ते सोडून अकारविल्हे लावून पाहिल्या. हा वाईचा संस्कार. आमचं मूळ घर वाईचं, आणि विश्वकोश आमच्याच गावात तयार होतो याचा प्रत्येक वाईकराला स्वतः नोंदी लिहिल्यासारखा अभिमान. पहिला खंड 1976 साली आला, ‘अंक ते आतुरचिकित्सा’. दिवाळी अंकापासून सुरुवात आणि शेवटी औषधपाणी. लेखकाचं चरित्र याहून थोडक्यात सांगता येणार नाही. विसावा खंड यायला 2015 उजाडलं. तेव्हा माझं काही फार उशिरा चाललंय असं नाही.

पण खरं तर मला लावालावी येते ती एकच, आजोबांच्या तारेची. वाईच्या घरात ओसरीवर, खुंटीला एक जाड तार टांगलेली असे. खाली लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की आजोबा ते तारेत खोचत. जुनं पत्र हवं असेल तर वरची सगळी उतरवायची आणि त्याच क्रमानं परत खोचायची. हे काम माझं. मे महिन्याच्या दुपारी घर झोपलेलं असताना मी ती तार अख्खी वाचून काढत असे. बारशी, मुंजी, बदल्या, आंब्याच्या पेट्या पोचल्याच्या पावत्या. प्रत्येक पत्राच्या मधोमध एक भोक, तिथलं अक्षर आपण ओळखायचं. त्या तारेत कुणी कधी मरत नसे. तसली कार्डं वाचून लगेच फाडायची असत. आणि आणखी एक. कराडच्या बनूआत्याचं एकही पत्र नव्हतं. आजोबांची ती सख्खी धाकटी बहीण. जमिनीवरून काहीतरी बिनसलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती.

1984 च्या डिसेंबरात आजोबा गेले. मी बारा वर्षांचा. अक्षर बरं म्हणून कार्डं लिहायला मला बसवलं. 15 पैशांची चाळीस कार्डं, वर ‘श्री’ नाही, मजकूर बाबांनी सांगितलेला. माझं पहिलं लेखन चाळीस प्रतींत निघालं आणि वाचकांनी ते वाचून फाडून टाकलं. पुढच्या काळात याहून वाईट काही झालं नाही.

पंचविसाव्या कार्डाला हात दुखायला लागला, तोच तोच मजकूर नकोसा झाला. पुढचा पत्ता बनूआत्याचा होता. सही करायच्या आधी मी एक ओळ वाढवली : ‘शेवटचे दोन दिवस तुमची फार आठवण काढत होते.’

शेवटचे दोन दिवस आजोबा शुद्धीवरच नव्हते.

आत्या तेराव्याला आली. मी पहिल्यांदाच बघत होतो तिला. माजघरात बसली, कमरेचा बटवा सोडला आणि घडी घातलेलं ते कार्ड काढून बाबांपुढे धरलं. फाडलं नव्हतं. ‘काढली होती ना रे आठवण?’ मी दाराला चिकटून उभा. बाबांनी कार्ड वाचलं. सावकाश वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाबा खोटं बोलत नसत. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख चार दिवसांनी सुद्धा पुढेमागे करू दिली नव्हती त्यांनी.

‘हो आत्या, काढत होते,’ ते म्हणाले, आणि कार्ड तिच्या हातात परत दिलं.

यावर ते माझ्याशी पुढे कधीच बोलले नाहीत. माझ्या कथा छापून यायला लागल्यावर वाचत, चष्मा पुसत आणि शुद्धलेखनाच्या चुका दाखवत.

चारही डब्यांत याची चिठ्ठी नाही. दोनदा पाहिलं.

‘अहो, एखादा डबा मोकळा झाला का?’ हिनं आतून विचारलं. लिंबाचं लोणचं घालायचं होतं. मी दोन दिले.