गल्लीची संक्रांत : नाताळ ते रथसप्तमी

२५ डिसेंबर, गुरुवार

आजपासून गल्लीतली अर्धी मुलं घरी. इंग्रजी शाळांना नाताळची आठवडाभर सुट्टी, मराठी शाळांना फक्त आजची. सांगलीच्या गावभागातल्या आमच्यासारख्या गल्लीत हा फरक ध्यानात ठेवूनच कामं वाटावी लागतात. तीळ निवडायला, सुगडं आणायला दिवसा हात मिळतात ते इंग्रजी शाळेतल्या मुलांचे. बाकीची संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी.

कोपऱ्यावरच्या ख्रिस्ती घरातून सकाळी फराळाची ताटं आली. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केक असतोच, पण करंज्या, चकल्या, शेव, लाडूही असतात. घरावरची चांदणी बांबूच्या कामट्यांचीच, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या हातानं बांधलेली. आलेलं ताट रिकामं परत जात नाही. पण ते लगेच, घरात असेल ते टाकून परत करू नये. ताटं आपल्याकडे ठेवून भोगीला भाजी-भाकरी घालून पाठवावीत. त्यांना आपल्या सणाचं खायला मिळतं आणि देणंघेणं एका दिवसात संपत नाही.

२७ डिसेंबर

हिशेबाची वही काढली. घरं ३६. घरटी १२ तिळगुळाचे लाडू धरले तर ४३२. घंटागाडीवाले, पेपरवाले, दूधवाले आणि अचानक येणारे धरून ५००. यादी अशी : तीळ ५ किलो, चिक्कीचा गूळ ५ किलो, शेंगदाणे दीड किलो (भाजून सोलल्यावर सव्वा किलोच्या आसपास कूट निघतं), सुकं खोबरं १ किलो, डाळे अर्धा किलो, वेलदोडे, जायफळ, तूप.

गुळाच्या बाबतीत दरवर्षी कुणीतरी चुकतं. दुकानात नुसता 'गूळ' मागितला तर साधा गूळ मिळतो. पोळीला, आमटीला तो उत्तम, पण त्याच्या पाकात लाडू नीट बांधला जात नाही. दुसऱ्या दिवशी भुगा होतो. 'चिक्कीचा गूळ' असंच म्हणून मागायचं. तो चिकट असतो, कापताना सुरीला ओढ लागते.

सुगडांची मागणी आजच कुंभाराकडे नोंदवली. घरटी पाच. घेताना एकेक बोटाच्या पेराने वाजवून पाहायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर तडा आहे.

३० डिसेंबर

थंडी बरी पडली आहे. रात्री शेकोटी सुरू झाली. शेकोटी डांबरावर पेटवायची नाही, डांबर मऊ पडून रस्त्याला खड्डा धरतो. जुन्या लोखंडी घमेल्यात, खाली दोन विटा ठेवून पेटवावी. वर विजेच्या आणि केबलच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावं. टायर, प्लॅस्टिक, रंग दिलेलं लाकूड अजिबात नको. त्याचा धूर दम्याच्या माणसाला रात्रभर छळतो. आजी-आजोबांच्या खुर्च्या वारा येतो त्या बाजूला, म्हणजे धूर त्यांच्याकडे जात नाही. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे : उरलेले निखारे घमेल्यासकट खोलीत नेऊन दार लावायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. निखारे पाणी मारून विझवायचे, मगच उठायचं.

४ जानेवारी, रविवार

हुरडा. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं कवठेमहांकाळ, जतच्या बाजूनं येतात. माणशी चार-पाच कणसं पुरतात. कणीस हातात घेऊन एक दाणा नखानं दाबून पाहायचा. पांढरं पाणी उडालं तर अजून दुधात आहे, भाजल्यावर त्याचा लगदा होतो. नखच बसत नसेल तर वेळ निघून गेली. नख रुतून मऊ पीठ दिसलं, तर हुरडा. कणसं सकाळी तोडलेली, त्याच दिवशी भाजायची. एक रात्र राहिली की गोडी उतरते.

आगटीत शेणी पेटवून पूर्ण निखारा होऊ द्यायचा. घाई करून ज्वाळेवर धरलं की वरची कूस जळते आणि आत दाणा कच्चा राहतो. कणीस निखाऱ्यात खुपसून फिरवत राहायचं, तीन-चार मिनिटांत दाणे फुगतात. गरम असतानाच तळहातावर चोळायचं. गार झालं की दाणा सुटत नाही. चोळणारे हात भाजणाऱ्यांच्या दुप्पट लागतात, इथेच नेहमी खोळंबा होतो. सोबत लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, दही, गूळ. पोट भरेल एवढं खाऊन वर लगेच गार पाणी पिऊ नये, असं म्हातारी माणसं सांगतात.

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकी. गणपती मंदिराकडे दिवसभर गर्दी, गल्लीत बाहेरच्या गाड्या. आजच्या दिवशी गल्लीचं काहीही ठरवायचं नाही. सुगडांची गाडी उद्यावर ढकलली.

७ ते १० जानेवारी

हलवा. या चार दिवसांबद्दल सविस्तर लिहून ठेवतो. गल्लीत हलवा हातानं करणाऱ्या आता दोनच काकू आहेत आणि पाककृतींच्या पुस्तकात हाताचा अंदाज उतरत नाही.

पाव वाटी स्वच्छ निवडलेले तीळ हलके भाजून घ्यायचे. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध. मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी झाला की फडक्यानं गाळायचा. पाक पुढं गेला तर थोडं पाणी घालून मागं आणावा. घट्ट पाकात काटा, म्हणजे दाण्यावरची बारीक टोकं, येत नाही, परातीत नुसती पिठी साचते.

शेगडीवर मंद निखारा, त्यावर पितळी किंवा जाड बुडाची परात. गॅसवर करायचं तर खाली तवा ठेवून आच सर्वांत बारीक. परातीला हात लावून धरता आला पाहिजे, एवढीच गरम. तीळ पसरायचे, अर्धा चमचा पाक सगळीकडे शिंपडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पाक सुकून तीळ मोकळे झाले, खुळखुळ आवाज यायला लागला, की पुढचा अर्धा चमचा. आधी नाही. ओल्यावर ओतलं की तीळ एकमेकांना धरतात आणि गठ्ठे होतात. तसे झाले तर लगेच बोटांनी सोडवायचे, वाळल्यावर सुटत नाहीत.

वेळ पहाटेची. सहा ते साडेआठ. दुपारी हवा गरम होते, परातीतही ऊब वाढते आणि साखर पिवळी पडायला लागते. ढगाळ, दमट दिवस असेल तर सरळ सुट्टी घ्यायची. काटा हा कोरड्या थंडीचाच आहे. दोन-अडीच तास झाले की परात विरळ सुती फडक्यानं झाकून दुसऱ्या पहाटेपर्यंत तशीच ठेवायची.

पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरे दिसतात आणि शिकणाऱ्या मुली नाराज होतात. दुसऱ्या दिवशी दाणा गोल होतो. तिसऱ्या पहाटे परात खिडकीजवळ नेऊन तिरपी धरली, तर दाण्याच्या अंगावर बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात, लव उभी राहावी तशी. त्या क्षणापासून चोळायचं नाही, बोटं दाण्याखालून घालून नुसतं वरखाली करायचं. चोळलं तर दोन दिवसांचा काटा मोडतो. चौथ्या दिवशी कोरड्या काचेच्या बरणीत.

दागिन्यांसाठी मोठा दाणा लागतो, म्हणून साबुदाण्याचा घाणा वेगळा. हार आणि बाजूबंद ओवून होत नाहीत, दाणा फुटतो. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवत जायचं. लहान मुलाच्या मुकुटासाठी पुठ्ठ्याला आतून मऊ कापड लावावं, नाहीतर काटा कपाळाला टोचतो आणि मूल मुकुट राहू देत नाही.

११ जानेवारी, रविवार

लाडू. पाच किलोचा एकच घाणा करायचा मोह होतो आणि तिथेच सगळं फसतं. पाक ओतल्यावर सहा-सात मिनिटांत मिश्रण आळतं, तेवढ्यात पाचशे लाडू कुणीही वळू शकत नाही. म्हणून दहा घाणे. एका घाण्याला अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, १२५ ग्रॅम जाडसर कूट, १०० ग्रॅम भाजलेलं खोबरं, ५० ग्रॅम डाळे. यात पंचवीस ग्रॅमचे साधारण पन्नास लाडू होतात. वळायला पाच जणी, प्रत्येकी दहा.

यंदा संक्रांतीच्या दिवशीच षट्‌तिला एकादशी आहे. उपास करणाऱ्यांसाठी पहिले दोन घाणे डाळ्यांशिवाय केले, तेवढं कूट जास्त घातलं. हे डबे वेगळे, झाकणावर पांढरा दोरा बांधून. हे सुरुवातीलाच उरकायचं, म्हणजे कढईला डाळ्यांचं पीठ लागलेलं नसतं.

तीळ मध्यम आचेवर, तडतडायला लागून किंचित फुलले की लगेच परातीत. लोखंडी कढईत राहू दिले तर तिच्या उष्णतेनंच पुढं भाजत राहतात आणि कडवट होतात. कडू तीळ कशानंही सुधारत नाहीत. गुळात दोन चमचे तूप घालून वितळवायचा. आधी मोठे फुगे येतात, मग सगळीकडे बारीक फेस. आता दर अर्ध्या मिनिटाला वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचा. थेंब पसरला तर कच्चा. त्याची गोळी वळली आणि बोटानं किंचित दबली, तर गॅस बंद. काडकन मोडली तर तो चिक्कीचा पाक झाला. तो घाणा पोळपाटाला तूप लावून लाटून वड्या पाडायच्या, लाडवाचा हट्ट धरायचा नाही.

वळताना हाताला पाणी लावावं, पण बेतानं. जास्त लावलं की लाडू दोन दिवसांत चिकटतात. मिश्रण मध्येच आळलं तर कढई मंद आचेवर अर्धा मिनिट धरायची. पंखा बंद. आणि डबे गरम लाडवांनी भरायचे नाहीत. ताटात पूर्ण गार होऊ द्यावेत, वाफ आत राहिली की पाझर सुटतो.

१३ जानेवारी, भोगी

'न खाई भोगी तो सदा रोगी.' भाजीत कृष्णाकाठची वांगी, सोलाणे, पावटा, वाटाणा, गाजर, रात्री भिजवलेले शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. शिजायला वेळ लागणारं आधी : शेंगदाणे, पावटा, मग सोलाणे, गाजर, सर्वांत शेवटी वांगी. सगळं एकदम घातलं की वांग्याचा गाळ होतो आणि पावटा दाताखाली येतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. नाताळची ताटं आज भरून परत गेली.

२३ जानेवारी, शुक्रवार

गल्लीचं हळदीकुंकू. १८ चा रविवार सोयीचा होता, पण त्या दिवशी अमावास्या. आजींना तो पटला नसता. आज वसंतपंचमी.

यंदाही बोलावणं घराला दिलं. 'तुमच्या घरच्या सगळ्या बायका या', एवढंच वाक्य. 'सवाष्णी' हा शब्द बोलावण्यात नाही. इथून जवळच्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर राज्य सरकारनंही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव वाचणं सोपं असतं, गल्लीतल्या चटईवर तो पाळताना मात्र काळजी घ्यावी लागते. बोलावून तिळगूळ दिला आणि कुंकवाचं बोट मात्र शेजारच्या कपाळाकडे वळवलं, तर न बोलावण्यापेक्षा ते जास्त लागतं. म्हणून क्रम वयाचा. सर्वांत मोठ्या आजींपासून सुरुवात, त्यांचे यजमान असोत वा नसोत. कुंकू लावण्याआधी प्रत्येकीला, अगदी प्रत्येकीला, 'लावू का?' विचारायचं. त्यामुळे ज्यांना मनापासून नको असतं त्या हळदीचं बोट लावून घेतात आणि कुणाकडे वळून पाहिलं जात नाही. आज ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी कुंकू लावून घेतलं, मग वाटी हातात घेतली आणि लावणारीलाही लावलं. त्यांच्या बोटाला सवय राहिली नव्हती, कुंकू भुवईवर सांडलं. ते कुणी पुसलं नाही.

वाणात प्लॅस्टिकचे डबे नकोत, प्रत्येक घरात ते पडून असतात. यंदा शंभर ग्रॅम हळद, कापडी पिशवीत. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संक्रांतीला मिळते ती गेल्या हंगामातली, नवी शेतातून आता कुठं निघायला लागते. जवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरानं त्या पेवांचं फार नुकसान केलं. घरी ती काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवावी. उजेडानं रंग उडतो.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सकाळी अंगणात शेणीवर बोळक्यात दूध उतू घातलं. दुपारी साडेचारला गल्लीतल्या चार लहानग्यांचं एकत्र बोरन्हाण. मोठं सुती बेडशीट, मध्ये पाट, काळं झबलं, हलव्याचे दागिने. बोरं दोन किलो, चुरमुरे एक किलो, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, गाजराचे तुकडे. मुलाच्या डोक्यावरून ओतायचे ते फक्त चुरमुरे आणि थोडा हलवा. बोरं, शेंगा, ऊस बाजूनं सोडायचे. वरून पडले की लागतात आणि मूल घाबरतं. लुटायला बसलेल्या मोठ्या मुलांना आधीच सांगून ठेवायचं की बोराची बी, शेंगदाणा, गोळी लहानग्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही. एका मोठ्या माणसानं दुसरं काही न करता तेवढंच पाहायचं. झाल्यावर बेडशीट चारी कोपऱ्यांनी उचललं की गल्ली झाडावी लागत नाही.

संध्याकाळी दोन्ही मोठ्या कढया घासून, तेलाचा हात देऊन, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. पितळी परात, उलथनी, शेगडी, वजनकाटा मोजून वहीत मांडले. सगळं दुसऱ्या मजल्यावर चढवलं. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं काही राहिलं नव्हतं. किल्ली या वर्षी शेवटच्या घरातल्या वहिनींकडे.