सहा रेषा आल्या, म्हणजे मँगनीज आत गेलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न नेहमीचा: झिंक ऑक्साइडमध्ये एक टक्का मँगनीज घातलं, एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दुसरी फेज, म्हणजे वेगळा स्फटिक पदार्थ, नाही, ईपीआरमध्ये (चुंबकीय फील्ड बदलत जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनांचं मायक्रोवेव्ह शोषण मोजण्याच्या तंत्रात) सहा रेषा स्वच्छ दिसतात. मग मँगनीज झिंकच्या जागी बसलं असं लिहायला हरकत आहे का?

आहे. सहा रेषा सांगतात ते एवढंच, की हे मँगनीज +2 (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन) आहे आणि त्याचे आयन एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब आहेत. केंद्रकाचा स्पिन 5/2, म्हणून रेषा सहा. आयन कुठेही बसला तरी सहाच. जागा कळते ती दोन रेषांमधल्या अंतरावरून. झिंक ऑक्साइडच्या आत, चार ऑक्सिजनांच्या मधोमध, ते साधारण 79 गॉस (चुंबकीय फील्डचं एकक) भरतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये, सहा ऑक्सिजनांत, 87 च्या आसपास. पृष्ठभागावर पाणी धरून बसलेल्या आयनांचं 95 च्या जवळ जातं. अंतर कमी फील्डकडून जास्तीकडे वाढत जातं, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या रेषेत मोजा. 90 च्या वर आकडा आला तर मँगनीज बाहेरच चिकटलंय असा संशय घ्यायलाच हवा.

समजा 79 आले. तरी ही गोष्ट किती आयनांची? नेमकं इथेच घोडं पेंड खातं. पडद्यावर दिसतो तो पहिला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे शोषणाच्या वक्राचा उतार, आणि क्षेत्रफळ तेवढंच असेल तर त्याची उंची रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. 5 गॉस रुंदीच्या रेषेपुढे तेवढ्याच आयनांची 500 गॉस रुंद रेषा दहा हजार पटीने बुटकी. गोळा झालेलं मँगनीज नेमकी अशीच रुंद रेषा देतं, आणि ती बेसलाइन (सिग्नलखालची कोरी पार्श्वभूमी) समजून वजा केली जाते! म्हणून फील्डचा स्वीप 0 ते 6000 गॉस घ्या, दोनदा इंटिग्रेट करा आणि वजन केलेल्या कॉपर सल्फेटशी ताडून बघा. पाच रेणू पाणी असलेल्या त्याच्या 1 मिलिग्रॅममध्ये 2.4×10¹⁸ स्पिन (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन) असतात. दर आयनामागे मँगनीजचं क्षेत्रफळ तांब्याच्या जवळजवळ बारापट धरा. पावडरमध्ये त्या सहा ठळक रेषांच्या वाट्याला त्यातलं 9/35 च येतं.

बाकी पथ्यं थोडी. मॉड्युलेशन, म्हणजे फील्डला दिलेला छोटा हेलकावा, रेषेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा. मायक्रोवेव्हची पॉवर चौपट केल्यावर सिग्नल दुप्पट व्हायला हवा. कमी वाढला तर सॅच्युरेशन आहे, म्हणजे पॉवरच्या मानाने सिग्नल वाढेनासा झालाय. ट्यूब क्वार्ट्झचीच घ्या आणि आधी रिकामी मोजा: साध्या काचेतलं लोखंड 1580 गॉसजवळ, 4.3 च्या जी-मूल्याला (रेषेची जागा सांगणाऱ्या आकड्याला), हमखास डोकावतं आणि उगाच नमुन्याच्या नावावर जमा होतं. शक्य तर 0.01 टक्क्याचा नमुनाही बनवा. एक टक्क्याला रेषा एकमेकींत मिसळू लागतात.

मोजलेल्या स्पिनांचा हिशेब घातलेल्या मँगनीजपेक्षा कमी भरला तर उरलेलं मँगनीज +3 असू शकतं. ते साध्या एक्स-बँड (सुमारे 9.5 गिगाहर्ट्झच्या) कॅव्हिटीत, म्हणजे नमुना ठेवण्याच्या पोकळीत, सहसा दिसत नाही; त्यासाठी मॅग्नेटोमीटरकडे जा.