हातमोजे न काढता

उत्तर मिनेसोटातल्या त्या शनिवारी सकाळी पारा उणे २७ अंश सेल्सियसवर होता. मी वहीत पेन्सिलीने लिहीत होते, कारण एवढ्या थंडीत बॉलपेन दगा देतं. झाडीतल्या ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या गाडीवाटेवर, स्नोमोबाईल क्लबच्या लोकांनी स्वतः बांधलेली एक लाकडी खोली, मध्ये पेटलेली शेगडी, भिंतीला टांगलेली ओली जाकिटं आणि बाहेर ओळीने उभ्या अकरा स्नोमोबाईल.

मी एका स्नोमोबाईल कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. माणसाचा हात यंत्राला जिथे जिथे लागतो ते सगळं माझ्याकडे: हँडल, ब्रेकचा लिव्हर, बटणं, बाजूची झाकणं. त्याआधी सहा वर्षं चाकणला स्कूटरवर हेच काम करत होते. ज्यांनी बर्फावर धावणारं हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे दोन स्की, मागे खाचाखाचांचा रुंद रबरी ट्रॅक, आणि इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत नेणारा बेल्ट. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो त्याच जातीचा, फक्त इथल्या मोठ्या इंजिनांवर तो दीडशेहून जास्त अश्वशक्ती ओढतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्या पुढच्या हंगामाची मॉडेलं दाखवतात आणि वसंतातच आगाऊ नोंदणी घेतात. त्यामुळे बर्फ उतरणीला लागला की नव्या गाडीत काय हवं याच्या चर्चेला उधाण येतं. मी तेच ऐकायला गेले होते. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, लोक टर्बोबद्दल बोलतील, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंख्याबद्दल. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली टू-स्ट्रोक गाडी २०२० च्या मॉडेलांपासून बाजारात आली, तेव्हापासून जाहिरातींत दुसरा विषय नाही.

पण त्या खोलीत अश्वशक्ती हा शब्द एकदाच निघाला.

पहिली मागणी आली ती मागच्या दिव्याची. ट्रॅकने उडवलेली बर्फाची पूड गाडीच्या पाठीवर बसते. जुन्या बल्बच्या उष्णतेने ती वितळायची. एलईडी थंड राहतो, दिवा झाकला जातो आणि मागून येणाऱ्याला पुढची गाडी दिसतच नाही. एक बाई म्हणाल्या, "माझा मुलगा माझ्या मागे असतो. त्याला मी दिसायला हवी. बाकी काही नको." दुसऱ्या एकाला आवाज कमी हवा होता, आणि त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं. इथल्या पुष्कळशा ट्रेल खासगी जमिनींतून जातात, मालकाच्या परवानगीने. कुणी बदललेला सायलेन्सर लावून पहाटे शेतातून गेलं की मालक परवानगी काढून घेतो आणि सगळ्या क्लबचा रस्ता तुटतो. इलेक्ट्रिक गाडीची शांतता त्यांना मनापासून आवडली होती, पण दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर हिंडणाऱ्यांना एका चार्जमधलं अंतर फारच तोकडं पडतं. किमतीबद्दल तर रागच होता. वरच्या मॉडेलांची किंमत वीस हजार डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि विशीतली पोरं या छंदात येणार कशी, असा त्यांचा प्रश्न. यामाहाने १९६८ पासून चालवलेला हा धंदा बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यांच्या फोर-स्ट्रोकवर वाढलेला एक माणूस त्याबद्दल बोलताना घरातलं कुणी गेल्यासारखा हळवा झाला होता.

कोपऱ्यात सत्तरीचे एक निवृत्त शेतकरी सगळा वेळ गप्प बसले होते. मी विचारल्यावर म्हणाले, "टेबलावर बसून सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. माझ्याबरोबर पुलापर्यंत चल." आठवड्यातून दोनदा ते एकटे ट्रेलवरच्या पाट्या आणि लाकडी पूल तपासायला जातात. त्यांच्याकडे आमच्याच कंपनीची, दोन वर्षांपूर्वीची गाडी होती.

मी दुसरी गाडी घेऊन त्यांच्या मागे निघाले. दहा मिनिटांत त्यांचा मागचा दिवा खरोखरच पांढरा होऊन नाहीसा झाला. बाईंचं म्हणणं मला तेव्हा डोळ्यांनी पटलं.

पुलाच्या थोडं अलीकडे फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि ते थांबले. बेल्ट तुटला होता. फोनला रेंज नव्हती. जवळचा डांबरी रस्ता अठरा किलोमीटरवर.

बेल्ट तुटणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. सगळे सुटा बेल्ट जवळ बाळगतात. झाकण उघडायचं, मागच्या क्लचच्या दोन थाळ्या हत्याराने फाकवायच्या, तुकडे आणि धागे काढायचे, नवा चढवायचा. उन्हाळ्यात कार्यशाळेत मी हे पाच मिनिटांत करते.

झाकण उघडेना. त्याची प्रत्येक खीळ म्हणजे खोबणीत बसवलेली २२ मिलिमीटरची चकती, बोटाच्या टोकांनी पाव फेरा फिरवायची. आधीच्या मॉडेलवर इथे रबरी पट्टे होते. ते थंडीत चिरतात आणि दिसायला ओबडधोबड, म्हणून काढले. ती चकती मी आखली होती. ड्रॉइंगवर माझी सही आहे. बैठकीच्या खोलीत २१ अंश तापमान होतं आणि उघड्या हातांनी फिरवून बघून आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती.

आता खोबणीत बर्फ घट्ट दाबून बसला होता. जाड मोजा आत जात नव्हता. आजोबांनी मोजा काढून प्रयत्न केला, पण संधिवाताने वाकलेल्या बोटांना चकती धरताच येईना. मग मी मोजे काढले. किल्लीने बर्फ खरवडला, दोन चकत्या फिरवल्या. तिसरीपर्यंत पोहोचले तेव्हा बोटं माझी राहिली नव्हती. मोजा चढवायचा, हात काखेत धरायचा, परत काढायचा, असं चार वेळा केलं. सुटा बेल्टही थंडीने लाकडासारखा कडक झाला होता. तो त्यांनी माझ्या गाडीच्या गरम इंजिनाजवळ धरून मऊ केला. सगळं मिळून पस्तीस मिनिटं गेली.

झाकण लावताना ते शांतपणे म्हणाले, "एरवी मी एकटा असतो. मंगळवारी हे झालं असतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. बोटांत रक्त परत येताना ज्या कळा येतात त्या सोसत मी नुसती उभी राहिले. व्हॅल्कोर्टची गोष्ट आठवली. १९३४ च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या त्या गावी जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचा लहानगा मुलगा दगावला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि दवाखाना गाठता आला नाही. त्यांच्या बर्फावरच्या गाड्या पुढे आल्या आणि १९५९ मध्ये स्की-डू ही त्यांची स्नोमोबाईल. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ही गोष्ट वाचली होती. बर्फातून माणसाला घरी पोहोचवायचं, एवढ्यासाठी हे यंत्र आहे. आणि माझ्या चकतीने एक माणूस जंगलात अडकला असता.

परतीच्या वाटेवर दर काही किलोमीटरला मी थांबले आणि दोन्ही गाड्यांचे मागचे दिवे मोज्याने पुसले.

सोमवारी मी तोच भाग शीतकक्षात नेला, उणे ३० ला. खोबणीत पाणी मारून गोठवलं, घरातले सर्वांत जाड मोजे घातले आणि दोन सहकाऱ्यांना तेच करायला सांगितलं. तिघांपैकी एकालाही झाकण उघडता आलं नाही. मग बाहेर आलेली, दोन पंखांची मूठ बनवली, तळहाताच्या कडेने ढकलली तरी फिरणारी. क्लच फाकवायचं हत्यार झाकणाच्या आतून काढून सीटखाली नेलं. मागच्या दिव्यासाठी बारीक तापणारी तार सुचवली आहे. हँडलच्या मुठी तापवायला वीज आहेच, तिच्यातली थोडी इकडे वळवता येईल, असा माझा हिशेब आहे.

पुढच्या हंगामाची गाडी तेव्हा गोठलेली होती. आमच्या भाषेत गोठलेली म्हणजे साचे तयार, आता बदल नाही. त्यामुळे जे काही होईल ते त्यानंतरच्या मॉडेलवर. खरेदी विभागाने लिहून कळवलंय की नवी मूठ आणि दिव्याची तार मिळून गाडीमागे चार डॉलर वाढतात, आणि इतक्या गाड्यांवर ती रक्कम मोठी होते. गुरुवारी त्यावर बैठक आहे. मी सांगितलंय की ती बैठक शीतकक्षात घ्यावी, आणि सगळ्यांसाठी मोजे मी आणीन.