चढावर सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक: तिसऱ्या सिलिंडरचे निदान आणि दुरुस्ती

गाडी चार सिलिंडरची, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) असलेली आणि सीएनजी किट बसवलेली हॅचबॅक आहे. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर, कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती हिसके देऊ लागली होती आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. त्याच चढावर पेट्रोलवर घेतल्यास हिसके जवळजवळ थांबत, आणि उभ्या गाडीत दोन्ही इंधनांवर आयडलिंग सुरळीत असे.

अशा वेळी पहिला संशय सीएनजीच्या इंजेक्टरवर जातो. तो चुकीचा नाही, पण इंजेक्टर विकत आणण्याआधी इग्निशन तपासले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सिलिंडरमधला दाब वाढतो तसे प्लगच्या फटीत ठिणगी पाडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. चढावर थ्रॉटल उघडल्यावर हा दाब वाढतो, आणि सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा मुळातच अधिक व्होल्टेज द्यावे लागते. त्यामुळे कॉइल, तिचा रबरी बूट (कॉइलपासून प्लगवर बसणारी नळी) किंवा प्लग यांपैकी काही कमकुवत झाले असेल, तर ते आयडलिंगला लपून राहते, पेट्रोलवर अंधूक दिसते आणि सीएनजीवर भार पडताच उघडे पडते.

ब्लूटूथ स्कॅनर लावल्यावर पी0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिसिंग, इंधन नीट न पेटणे), हा कोड मिळाला. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचून ठेवावी, कारण कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आरपीएम, भार आणि कूलंटचे तापमान त्यात असते आणि पुसल्यावर ते जाते. माझ्या नोंदीत कमी आरपीएम, जास्त भार आणि पूर्ण तापलेले इंजिन होते. घाटातल्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळले. फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) मात्र मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, असल्याचे सुचवत होते. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सर त्यालाच पातळ मिश्रण समजतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. म्हणून मिसफायरचा कोड असताना केवळ ट्रिमवरून ऑक्सिजन सेन्सर बदलू नये.

थंड इंजिनावर कॉइल काढल्या. तिसऱ्या प्लगच्या खोबणीत ऑइल साचले होते, बूटचे रबर फुगून मऊ पडले होते, आणि प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली गेलेली पेन्सिलच्या रेघेएवढी बारीक काळी रेषा होती. ठिणगी फटीत पडण्याऐवजी सिरॅमिकच्या बाहेरून धातूच्या कडेपर्यंत पळत असल्याची ही कार्बनची खूण आहे. ती एकदा उमटली की कापडाने पुसून जात नाही.

तरीही खात्रीसाठी प्लग जागच्या जागी ठेवून फक्त कॉइलची अदलाबदल केली: तिसरी बूटसह दुसऱ्यावर, दुसरी तिसऱ्यावर. एका वेळी एकच भाग हलवावा, म्हणजे निष्कर्षात घोळ होत नाही. कोड पूर्णपणे सरकेल अशी अपेक्षा होती, पण पुढच्या चढावर पी0302 आणि पी0303 दोन्ही आले. याचा अर्थ कार्बनची वाट बूटमध्येही होती आणि प्लगवरही. यातला एकच भाग बदलला असता, तर जुन्या भागावरच्या रेषेने नवा भागही लवकरच खराब केला असता. नवे प्लग घालूनही काही काळाने मिसिंग परत येते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशन तपासले. त्यासाठी इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि बॅटरी पूर्ण चार्ज होती. चारही आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत होते, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि रिंगवरचा संशय तूर्त दूर झाला.

दुरुस्तीचा खरा भाग ऑइलची गळती थांबवण्याचा होता. टॅपेट कव्हर (हेडवरचे, व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणारे कव्हर) काढून त्याचे पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांची सील बदलली. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे जुळतात त्या कोपऱ्यांवर थोडे सिलिकॉन सीलंट लावले, कारण नुसते पॅकिंग तिथे पुरत नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आणि टॉर्क पान्याने आवळले. प्लग काढण्यापूर्वीच खोबणीतले ऑइल शोषून घेतले होते, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरते. चारही प्लग नवे घातले, फट सीएनजीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेलीच ठेवली. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने सुरुवातीचे आटे हातानेच फिरवले. तिसऱ्या सिलिंडरची मूळ कॉइल बूटसह बदलली आणि दुसरी आपल्या जागी परत गेली. प्रत्येक बूटच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला.

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये, हे नव्याने हात घालणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो: न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधले प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि त्या उष्णतेने तो वितळू शकतो.

त्यानंतर पूर्ण भारात, सीएनजीवर, त्याच चढावर गाडी हिसक्याविना चढली. कोड नाही आणि ट्रिमही शून्याच्या आसपास परतले. पुढचे काम टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट, मोजण्याचे आहे. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात आणि क्लिअरन्स कमी होत जातो, त्यामुळे आता पॅकिंग नवे असले तरी पुढच्या सर्व्हिसला कव्हर पुन्हा उघडून थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) आठही इनटेक आणि आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्हची नोंद घेणार आहे.